चूक गोळीची नसते

“सर, चूक कधीच गोळीची नसते का?”

प्रश्न सुटला आणि शाळेच्या नेमबाजीच्या शेडमध्ये अशी शांतता पसरली की छताच्या पंख्यालाही आपण उगाच बडबड करतोय असं वाटावं. मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी एकमेकींना चिमटे काढले. “विचारून दाखव, हिंमत असेल तर,” असं भिंगरीला त्याच म्हणाल्या होत्या. पण पैज लावणाऱ्याला ती समोरच्याने जिंकावी असं थोडंच वाटत असतं?

आता या प्रश्नात एवढं काय, असं कुणी विचारेल. तर सरांच्या डोक्यामागच्या भिंतीवर हातभर उंच निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, ‘चूक गोळीची नसते.’ सरांनी ते स्वतः शिडीवर चढून रंगवलं होतं, आणि शेवटचा पूर्णविराम तर एवढा टपोरा, की नव्या मुली पहिल्या दिवशी त्याच्यावरच नेम धरत. सरांना सगळी शाळा ‘पूर्णविराम’ म्हणायची ती त्याच्यामुळे, की त्यांच्या बोलण्यामुळे, यावर दोन मतं होती. सर वाक्य बोलत नसत. वाक्य ठेवत, आणि त्यावर वजन ठेवत.

सरांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. भिंगरीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, जणू ‘हिला वाचता येत नाही का’ असं तिला विचारत होते.

“सिद्ध कर,” ते म्हणाले. “दोन आठवडे आहेत.”

आणि डोळा परत दुर्बिणीला.

गेल्या वर्षीची भिंगरी असती तर तिथेच विरघळून गटारात वाहून गेली असती. गेल्या वर्षी तिला हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही घाम फुटायचा. पण यंदा कुठल्याशा तासाला बाई नसताना तिने वर्गाला चाळीस मिनिटं गप्प बसवलं, आणि तेव्हापासून तिला असा काही कंठ फुटला होता की घरात बाबा बातम्या ऐकायला शेजारी जात. त्यातून ती नेमबाजीत शिरली. जी मुलगी जेवताना तीन वेळा उठते ती पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरून पालथी पडून राहते, यावर तिच्या आईचा विश्वास बसेना. आई शेडमध्ये येऊन प्रत्यक्ष बघून गेली आणि म्हणाली, “ही घरीही अशीच पडून राहील का?”

तर दोन आठवडे. दोन आठवड्यांनी शनिवारी आंतरशालेय संघाची निवड होती. चौघींचा संघ. त्यातल्या तिघी ठरल्यातच जमा होत्या. चौथी जागा एक आणि उमेदवार दोन, भिंगरी आणि टाचणी. टाचणी म्हणजे भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि पैजेची मूळ कल्पना तिचीच. दोघी एकाच रायफलवर, सात नंबरच्या, आळीपाळीने नेम मारायच्या. दोघींची मैत्री एवढी घट्ट, की चौथ्या जागेबद्दल त्या कधी एक शब्द बोलत नसत. फक्त एकमेकींचे गुण एकमेकींच्या आधी पाठ असत.

आणि गुणांनीच घात केला होता. दहा गोळ्यांत शंभरपैकी एक्याण्णव मारणारी भिंगरी महिनाभरात त्र्याऐंशीवर आली होती. सात गोळ्या मधोमध शहाण्यासारख्या बसायच्या, आणि तीन अशा उधळायच्या की कागदाच्या कोपऱ्यात त्यांचं काय काम होतं ते त्यांनाच ठाऊक. टाचणीचंही तेच, नव्वदवरून चौऱ्याऐंशी. टाचणीने मात्र सरळ स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला, डोळे तपासून घेतले, आणि डॉक्टरांनी “नंबर असा म्हणायला नाहीच” असं सांगितलं असतानाही हट्टाने चष्मा घेतला. आता ती चष्म्यातून चौऱ्याऐंशी मारायची.

भिंगरीकडे याहून शास्त्रीय खुलासा होता. महिन्याभरापूर्वी, बरोबर त्याच सुमाराला, काडतुसांचे लाल डबे संपून हिरवे आले होते. लाल होते तोवर एक्याण्णव, हिरवे आले आणि त्र्याऐंशी. याहून लख्ख पुरावा कोर्टातही मिळत नाही. बाकीच्या मुली हिरव्याच डब्यांवर बरे गुण मिळवत होत्या, ही गोष्ट तिने बाजूला ठेवली. शोध लावणाऱ्याला काही गोष्टी बाजूला ठेवाव्याच लागतात.

घरी आल्याआल्या तिने जाहीर केलं, “मी गोळ्यांची वजनं करणार आहे.”

“आधी हात धू,” आई म्हणाली.

भिंगरीच्या आईची नोकरी दवाखान्यात, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खोलीत होती, आणि अठरा वर्षं तिथे काढल्यावर ती खोली तिच्याबरोबर घरी येऊ लागली होती. त्या घरात चमचा धुतला तरी वापरण्याआधी पुसला जाई, पुसून उजेडात धरला जाई, आणि मग पुन्हा पुसला जाई. पाहुणे आपली ताटं कुणाकुणाच्या नजरेखालून आली आहेत हे पाहून अवघडून जेवत. “हातात घेतलं ते आधी पुसायचं,” हे वाक्य भिंगरीने ‘आई’ या शब्दाच्याही आधी ऐकलं असणार. म्हणून तर, मागे तिच्या गणवेशाच्या बाहीला काळपट तेलकट डाग दिसले तेव्हा आईने आरडाओरडा केला नाही. दवाखान्यात वापरतात तसलं मऊ पांढरं फडकं घडी करून तिच्या दप्तरात ठेवलं, बस्स. तेव्हापासून भिंगरी प्रत्येक काडतूस भरण्याआधी त्याचं शिशाचं टोक असं पुसायची की त्यात तोंड दिसावं. बाकीच्या मुली चिकट काडतुसं तशीच रायफलीत सारत. ते पाहून तिला त्यांच्या घरच्या वळणाची कीव यायची.

बाबांचे मात्र कान टवकारले. बाबा पाणीपुरवठा कचेरीत कारकून होते, आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यांना अर्जापासून सुरू होते असं वाटे.

“वजनं करायला परवानगी लागेल,” ते हात चोळत म्हणाले. “कागद आण.”

“अहो बाबा, कागद कशाला? आपला स्वयंपाकघरातला काटा नेते ना मी!”

त्या काट्यावर काडतुसाएवढं, म्हणजे तीनेक ग्रॅमचं, काहीतरी ठेवून बघावं म्हणून भिंगरीने शर्टाची दोन बटणं ठेवली. काटा ढिम्म. चार ठेवली. काटा ढिम्म. तो काटा पाच ग्रॅमच्या खालचं काही वजन म्हणून मानायलाच तयार नव्हता. काडतूस त्याच्या खिजगणतीतही आलं नसतं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या पोस्टातल्या काकू साखर मागायला आल्या. काकूंनी चौतीस वर्षं पोस्टात पार्सलं तोलली होती, आणि निवृत्त झाल्यापासून त्या सल्ले पाठवत, तेही पोच मिळेपर्यंत.

“अगं, त्यात काय! एक काडतूस घरी घेऊन ये पर्समध्ये घालून, मी हातात धरून सांगते वजन. माझा हात म्हणजे हात आहे.”

“काकू, काडतूस बाहेर आणता येत नाही. रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत द्यावी लागते.”

“मग मला आत ने.”

“तुमचा हात परवानगीत कसा लिहायचा?” बाबांनी गंभीरपणे विचारलं. ते एव्हाना ‘महोदय’पर्यंत पोचले होते.

शेवटी समोरच्या सोनारकाकांचं नाव निघालं. काकांच्या दुकानात काचेच्या पेटीतला काटा होता. त्याला श्वाससुद्धा जड व्हायचा, म्हणून गिऱ्हाइकाने बोलायचं झालं तर तोंड वळवून बोलावं लागे. भिंगरीने काटा मागितला तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

“पोरी, हा काटा माझ्याशिवाय कुठे जात नाही.”

“मग तुम्हीही या ना, काका.”

काका क्षणभर विचारात पडले. चाळीस वर्षांत त्यांना कुणी असं कुठे बोलावलं नव्हतं. “बुधवारी अर्धा दिवस दुकान बंदच असतं,” ते म्हणाले, आणि लगेच इस्त्रीचा सदरा कुठे आहे ते शोधायला आत गेले.

इथून पुढे घोडं पेंड खाऊ लागलं. बाबांचा अर्ज तीन पानी झाला. मुख्याध्यापकांनी त्यावर ‘क्रीडा विभाग’ असं लिहून खाली पाठवला. क्रीडा विभागाने ‘विज्ञानाशी संबंधित’ असं लिहून प्रयोगशाळेत पाठवला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ‘वजनकाटा हे हत्यार आहे काय, याचा खुलासा व्हावा’ असा शेरा मारला. शेरा वाचून भिंगरीने कपाळावर हात मारला, पण बाबांचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या कुणाला वाटावं मुलीला पदक मिळालं.

“काय शेरा आहे!” ते पुन्हापुन्हा वाचत म्हणाले. “एका ओळीत अख्खा अर्ज आडवा केला. या बाई आमच्या कचेरीत हव्या होत्या.”

बाबांनी खुलासा लिहिला. काटा कापत नाही, फुटत नाही, उडत नाही, आणि पेटीतून काढल्यास चालतही नाही. त्यावर ‘मग तो कशासाठी?’ असा शेरा आला. त्याचाही खुलासा गेला. इकडे पोस्टातल्या काकू रोज जिन्यात गाठून विचारत, “आज कुठे पोचलाय अर्ज?” आणि उत्तर ऐकून अशा मान हलवत, जणू त्यांच्या काळात तो एव्हाना समुद्रापार पोचला असता. पहिला आठवडा गेला. भिंगरीचे गुण ब्याऐंशीवर आले. टाचणीने चष्म्याची दांडी बदलून पाहिली. गुण बदलले नाहीत.

अखेर दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी परवानगी आली. काट्याची नोंद ‘परीक्षेचे साहित्य, अस्फोटक’ अशी करायची, आणि सोनारकाकांची ‘साहित्यासोबतची व्यक्ती’ अशी. निवड शनिवारी होती.

बुधवारी दुपारी शेडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर काटा मांडला गेला. काका इस्त्रीच्या सदऱ्यात. बाबा अर्जाची फाईल छातीशी धरून, कारण ऐनवेळी कुणी काही विचारलं तर? आई रजा टाकून आली होती आणि पर्समधल्या रुमालाने टेबल पुसत होती. पोस्टातल्या काकूंना परवानगी नव्हती, म्हणून त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि आतून कुणी बाहेर आलं की “किती भरलं?” असं विचारत होत्या.

काडतुसं कोठारमावशींच्या ताब्यात असत. मावशी म्हणजे शेडच्या मागच्या लोखंडी खोलीची मालकीणच. किल्ली गळ्यातल्या दोरीला, वही कमरेशी, आणि तोंडात एकच वाक्य, “भरलेलं मोजून, रिकामं मोजून.” एक पुंगळी कमी पडली म्हणून त्यांनी एकदा सरांनाही गवतात वाकून शोधायला लावलं होतं.

“पन्नास,” मावशी हिरवा डबा ठेवत म्हणाल्या. “पन्नासच परत. मापातसुद्धा घट नको.”

“घट कशी होईल, मावशी? सोनार आहे मी.”

“म्हणूनच सांगतेय,” मावशी म्हणाल्या.

काकांनी ते मनाला लावून घेतलं, पण तोंड वळवून.

मग भिंगरीची कामगिरी सुरू झाली. मैत्रिणी बाकावर, सर दुर्बिणीशी, आणि ती मधोमध उभी. अशा वेळी तिच्या आवाजाला आपोआप सभेचा घुमारा यायचा. “जर या गोळ्या एकसारख्या नसतील,” ती म्हणाली, “तर भिंतीवरचं वाक्य अर्धवट आहे, हे मी अंकांनी दाखवणार आहे.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मागून कुजबुज आली.

“मी अंगणच मोजतेय,” भिंगरी मागे न बघता म्हणाली. हे उत्तर तिला इतकं आवडलं की पुढची दोन मिनिटं ती स्वतःशीच हसत होती.

तिने डब्यातून पहिली पंचवीस काडतुसं घेतली, दप्तरातून पांढरं फडकं काढलं आणि एकेक काडतूस पुसून, उजेडात धरून, पुन्हा पुसून काकांपुढे ठेवलं. आईने अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यांना दिसतंय ना म्हणून. काकांनी ती पंचवीस एकदम पारड्यात घेतली, पेटीचं दार लावलं, श्वास धरला आणि आकडा सांगितला. बाबांनी तो दोन ठिकाणी लिहिला.

एवढ्यात मावशींचा धीर सुटला. “अगं, अशी आंघोळ घालत बसलीस तर उद्या उजाडेल,” असं म्हणून त्यांनी उरलेली पंचवीस डब्यातून थेट काकांच्या ओंजळीत ओतली.

काकांनी तोलली. आकडा पाहिला. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पुन्हा तोलली. मग पहिली पंचवीस पुन्हा तोलली.

“पोरी, ही दोन वेगळ्या डब्यांतली आहेत का?”

“नाही! एकाच डब्यातली. का? फरक आहे?” भिंगरीचा आवाज आनंदाने पंख्यापर्यंत गेला. “आहे ना फरक? सर! फरक आहे!”

“दीडशे मिलिग्रॅम,” काका म्हणाले. “कानातल्याची एक फिरकी होईल एवढा. तुझी हलकी, यांची जड.” त्यांनी मावशींच्या ढिगातलं एक काडतूस उचललं, अंगठा त्याच्या टोकावरून फिरवला, मग अंगठा नाकाशी नेला. मग भिंगरीचं एक उचललं. अंगठा फिरवला. नाकाशी नेला. सोनाराचा अंगठा खोटं बोलत नाही.

“याला मेण लावलेलं आहे,” ते म्हणाले. “आणि तुझ्या काडतुसांवरचं कुणीतरी काढून घेतलंय. आमच्या धंद्यात पुसलेला माल आणि न पुसलेला माल एका पावतीवर तोलत नाहीत, बाळा. दाखव बघू ते फडकं.”

भिंगरीने फडकं दाखवलं. महिन्याभरापूर्वी ते पांढरं होतं. आईने रोज धुतलं होतं, पण मधोमध एक तेलकट करडा डाग असा मुरला होता की आईचे सगळे उपाय त्याच्यापुढे थकले होते. रोज रात्री आई म्हणायची, “कसले घाणेरडे असतात गं हे डाग.” आता ते फडकं टेबलावर पसरलेलं होतं आणि सगळी शेड त्याच्याकडे बघत होती.

सर उठून आले. सरांनी दुर्बीण सोडून उठणं म्हणजे घड्याळाने भिंतीवरून उतरून येण्यासारखं होतं.

“किती दिवस पुसतेस?”

“महिना... सव्वा महिना, सर.”

“प्रत्येक?”

“प्रत्येक. नीट. दोनदा.”

सरांनी डोळे मिटले. मग ते आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण करू लागले. “शिसं मऊ. नळी पोलादी. आत पीळ. गोळी पिळातून घासत जाते, म्हणून तिला मेण. मेण नसलं की शिसं नळीला चिकटतं. मग पुढची गोळी त्या शिशावरून. तिचं आणखी चिकटतं. मग तिच्या पुढची.” ते थांबले. “नळी बिघडते. कुणी का नेम मारेना.”

शेवटचं वाक्य भिंगरीने मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं. कुणी का नेम मारेना. सात नंबर. तिने हळूच बाकाकडे पाहिलं.

टाचणी चष्मा काढून हातात घेऊन बसली होती आणि त्याच्याकडे असं बघत होती, जणू त्याची आणि तिची ओळखच नव्हती.

“म्हणजे,” टाचणी सावकाश म्हणाली, “माझे डोळे चांगले आहेत?”

तिने चष्मा मिटून बाकावर ठेवला.

“म्हणजे मी महिनाभर रोज गाजरं खाल्ली...”

“टाचणे, मला माहीत नव्हतं गं.”

“आणि डोळ्यांना पाण्याच्या पट्ट्या लावल्या...”

“खरंच माहीत नव्हतं.”

“आणि तू,” टाचणी उभी राहिली, “तू मला म्हणालीस, चष्मा छान दिसतो!”

“दिसतो!” भिंगरी कळवळून म्हणाली. त्या क्षणी तिच्याकडे खरं असं तेवढंच एक उरलं होतं.

त्यानंतर टाचणी तिच्याशी बोलली नाही. पूर्ण अकरा मिनिटं. भिंगरीने ती शेडच्या घड्याळावर मोजली, कारण दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. पण बाबा फाईलमधला आकडा उगाच तपासत होते, काका काटा आवरत होते, आणि आई, जन्मात पहिल्यांदा, समोरच्या टेबलावरचा डाग पुसत नव्हती. भिंतीवरचं निळं वाक्य तर एवढं मोठं झालं होतं की त्यातला पूर्णविराम तिच्या अंगावर येत होता.

बाराव्या मिनिटाला टाचणी म्हणाली, “गाजरं तू खायचीस आता. उरलेली सगळी.”

“खाते.”

“कच्ची.”

“कच्ची खाते.”

मग दोघींना एकदम हसू फुटलं, आणि ते आवरेना तेव्हा मावशींनी दोघींच्या हातांत लांब गज, ब्रश आणि चिंध्या दिल्या. “हसा, पण सात नंबर साफ करता करता,” मावशी म्हणाल्या. “आता पुसायची हौस फिटेल.” गुरुवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर भिंगरीने ती नळी साफ केली. गज आत, गज बाहेर. चिंधीवर करड्या चमकदार कपच्या येत होत्या, तिच्याच पुसलेल्या गोळ्यांचं उष्टं. हात खांद्यातून निखळायला आला तेव्हा कुठे चिंधी स्वच्छ निघाली. मावशींनी नळीत डोकावून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. कुणाचंही कौतुक त्या वहीतच करत.

बुधवारीच बाहेर पडताना फाटकाशी पोस्टातल्या काकूंनी सगळी हकिगत ऐकून घेतली होती. “मी हातात धरलं असतं ना,” त्या म्हणाल्या, “तर तेव्हाच बोटं चिकट झाली असती आणि सगळा उलगडा झाला असता. पण तुम्हाला अर्ज हवा होता.” बाबांनी फाईल दुसऱ्या काखेत धरली.

शनिवारी निवड. सात नंबरवर आधी कोण, याच्या चिठ्ठ्या टाकल्या. आधी टाचणी, मग भिंगरी. टाचणी सतरंजीवर पडणार, तोच भिंगरीला मावशींचं बोलणं आठवलं. काल गज परत घेताना त्या सहज म्हणाल्या होत्या, “साफ नळी नव्या नवरीसारखी. पहिल्या दहा-बारा गोळ्या लाजते, मेण माखलं की मग रुळते.” सरावाला मिळणार होत्या फक्त पाच. म्हणजे आधी पडेल तिच्या मोजायच्या गोळ्यांतल्या पाच-सहा तरी लाजणाऱ्या नळीतून जाणार.

चिठ्ठी टाचणीच्या नावाची होती. चूक मात्र भिंगरीची होती. गोळीची तर मुळीच नव्हती.

“सर,” ती म्हणाली, “मी आधी जाते.”

“चिठ्ठी?”

“नळी मी बिघडवली. मीच रुळवते.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग नुसती मान हलवली. ती मान इतकी थोडी हलली, की दुर्बिणीतून पाहिली असती तरच नक्की सांगता आलं असतं.

भिंगरी पालथी पडली. काडतुसाच्या चिकट टोकाला बोट लागलं आणि तिचा हात सवयीने दप्तराकडे गेला. तिने तो हात अर्ध्या वाटेतून, एखाद्या वांड पोराला कान धरून आणावं तसा, परत आणला. काडतूस तसंच भरलं. पहिल्या चार मोजायच्या गोळ्या खरंच लाजल्या, एक वर, एक बाजूला. पाचव्यापासून नळीला कंठ फुटला. त्या सहाही गोळ्यांनी कागदावर एकच भोक मोठं करत नेलं, एवढं व्यवस्थित की ते कात्रीने कापल्यासारखं दिसावं.

ब्याण्णव. तिचे आजवरचे सगळ्यात जास्त.

मग टाचणी. चष्म्याशिवाय. त्र्याण्णव.

एका गुणाने. भिंगरीला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. तिने वाट पाहिली. ते आलं नाही. त्याऐवजी तिने टाचणीला अशी मिठी मारली की मावशी ओरडल्या, “रायफल! आधी रायफल खाली ठेवा!”

सगळ्या पांगल्यावर सरांनी तिला थांबवून घेतलं. कपाटातून एक वही काढली. कडा कुरतडलेली, पानं पिवळी. आत सरांच्या ठेवून दिलेल्या अक्षरांत वीस वर्षांच्या नोंदी. कुठल्या रायफलीला कुठल्या खेपेच्या गोळ्या मानवल्या, कुठल्या नाहीत. तीन नंबरला अमुक खेप आवडली. पाच नंबरने तीच खेप उधळून लावली. प्रत्येक नोंदीशेजारी कागदावरच्या भोकांची छोटी नक्षी.

भिंगरीने पानं उलटली. तिचे डोळे मोठे होत गेले.

“सर! म्हणजे गोळीत फरक असतो! म्हणजे चूक गोळीची असू शकते!”

“असू शकते.”

“मग भिंतीवर तसं का लिहिलंय?”

“तपास शेवटून करायचा नसतो,” सर म्हणाले. “आधी मी. मग माझा हात. मग नळी. मग गोळी. भिंत लहान होती.” आणि मग, त्यांच्या मानाने जवळजवळ लाडाने, “प्रश्न चांगला होता.”

त्यांनी दोन गोष्टी पुढे केल्या. संघाबरोबर राखीव खेळाडू म्हणून जायचं असेल तर जागा आहे. गणवेश मिळेल, फलकावर नाव लागेल, सामन्याच्या दिवशी बाकावर बसायचं. किंवा ही वही. संघाच्या चार रायफली, गोळ्यांच्या तीन खेपा, दर बुधवारी आणि शनिवारी प्रत्येकीवर प्रत्येक खेप मारून बघायची, लिहायची, आणि सामन्याला कुणी कुठली गोळी न्यायची ते ठरवायचं. गणवेश नाही. फलक नाही.

“सोमवारी सांग,” सर म्हणाले.

भिंगरीला सोमवारपर्यंत थांबणं कुठलं जमायला! वही घेऊनच ती घरी पोचली तेव्हा आई जेवणाचे चमचे उजेडात धरून पुसत होती आणि बाबा निकाली निघालेल्या अर्जाची प्रत फाईलला लावत होते, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. जिन्यात पोस्टातल्या काकूंची पावलं वाजत होती. भिंगरीने दप्तर खाली टाकलं, वही दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि मधल्या खोलीत मधोमध उभी राहिली. आवाजाला आपोआप सभेचा घुमारा आला.

“आई, बाबा, हातातलं खाली ठेवा आणि ऐका. मी एका गुणाने राहिले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीये, म्हणजे थोडं वाटतंय, पण ते उद्या वाटून घेईन. मी राखीव म्हणून बाकावर बसणार नाही. मी सरांची वही घेतलीय. टाचणीसकट सगळ्या संघाच्या गोळ्या मी निवडणार. आणि पुढे मोठी झाल्यावरही मी हेच करणार, एखादी गोष्ट का चुकते ते शोधायचं, आधी स्वतःपासून. बाबा, याला अर्ज लागत नाही. आणि आई,” तिने दप्तरातून ते घडी केलेलं करड्या डागाचं फडकं काढून आईच्या हातात ठेवलं, “हे तुझं तुला परत. आजपासून या घरात माझी कुठलीही वस्तू मला विचारल्याशिवाय कुणीही पुसायची नाही!”